घरातल्या घरात

मेलेल्या यंत्राचे फारसे दुःख करावे लागत नाही. दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, की त्याविषयी घरात मतभेद उरत नाहीत. मिस्त्रीला निरोप धाडायचा आणि वर्तमानपत्राने वारा घेत बसायचे. खरा छळ मांडतात ती रडतखडत चालणारी यंत्रे. ती धड बंद पडत नाहीत आणि धड कामही करीत नाहीत. शिवाय अशा दुखण्याचे निदान करण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला, आणि दुर्दैवाने शेजारपाजारच्यांनाही, आपोआप पोचतो.

यंदा भाद्रपदात आमच्या घरच्या इंटरनेटला असेच दुखणे जडले. तसे पाहिले तर सारे ठीक होते. माझा मोबाइल चालत होता, सौ.ची कीर्तने अखंड चालू होती. रखडत होता तो फक्त मागल्या खोलीतला सूनबाईचा कॉम्प्युटर. आणि गंमत अशी की, साऱ्या घरात तोच एक वायरीने जोडलेला! आमच्या जुन्या इमारतीच्या भिंती जाडजूड. वायफाय तिथवर पोचता पोचता दमते, म्हणून चिरंजीवांनी मोठ्या हौसेने दिवाणखान्यातल्या राउटरपासून तिच्या टेबलापर्यंत वायर ओढली होती.

सूनबाई रेडिऑलॉजिस्ट आहे. आठवड्यातून चार रात्री ती घरी बसून विदर्भातल्या एका रुग्णालयातून येणारे सीटी स्कॅन पाहते आणि अहवाल देते. दोन वर्षांची नात शेजारच्या खोलीत झोपलेली असते, म्हणून तर हे घरचे काम तिने पत्करले. आता हिशेब पाहा. सीटीचे एकेक चित्र म्हणजे 512 आडव्या आणि 512 उभ्या ठिपक्यांची जाळी. ठिपक्याला दोन बाइट धरले तर चित्रामागे अर्धा मेगाबाइट झाला. डोक्याच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या तपासायच्या तर अशी हजारभर चित्रे सहज होतात. म्हणजे 500 मेगाबाइट. आमची लाइन 300 मेगाबिटची. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा ही सारी चित्रे पंधरा सेकंदांच्या आतबाहेर यावीत. ती येत होती दहा-दहा, बारा-बारा मिनिटांनी.

दहा मिनिटांनी काय बिघडते, असे मीही एरवी म्हटले असते. पण पक्षाघाताच्या रोग्याचे दर मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशींचे नुकसान होते, असा अंदाज 2006 साली एका अमेरिकन डॉक्टरांनी प्रसिद्ध केला आहे. सूनबाईने तो मला सांगितला तेव्हा ती पडद्यावरच्या पट्टीकडे पाहत होती, आणि पट्टी हलत नव्हती. दोन रात्री अहवालांना उशीर झाला. तिसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठांनी अगदी सौजन्याने कळवले की, घरून जमत नसेल तर रात्रपाळीला केंद्रावर येऊन बसावे. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

उपाय मात्र सुरू झाले. चिरंजीवांनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. कंपनीच्या फोनवरच्या मुलीनेही तेच सांगितले, म्हणून तिच्या समाधानासाठी पुन्हा एकदा केला. मग कंपनीचा एक तरुण आला. त्याने आपला लॅपटॉप थेट राउटरला जोडून वेग मोजला. तो तीनशेला टेकला. "काका, आमची लाइन ओके आहे," म्हणून तो गेला. सगळे त्याच्यावर चिडले. माझ्या मते त्या मुलाचे काहीच चुकले नव्हते. तो खरे तेच सांगून गेला होता, फक्त पुढचा प्रश्न विचारणे त्याच्या कामात बसत नव्हते. मग व्हायरसचा संशय आला. मग कॉम्प्युटरच जुना झाला असा निकाल लागून साठ हजारांचा नवा घेण्याची बोलणी निघाली. यात सौ. दोनदा म्हणाली, "रंगकाम झाल्यापासून हे चाललंय." पण भिंतीच्या रंगाचा आणि इंटरनेटचा संबंध काय, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

साठ हजारांचा आकडा जिन्यातून वरच्या मजल्यावर पोचला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी नाना खाली आले. नाना म्हणजे टेलिफोन खात्यात केबलच्या जोडण्या करण्यात उभा जन्म घालवलेले गृहस्थ. चहाचा कप हाती घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?"

"झाले दोन-तीन आठवडे," चिरंजीव म्हणाले.

"गौरी यायच्या आधीचा गुरुवार," सौ. आतून म्हणाली. "रंगारी गेले, कपाट जागेवर लावलं, आणि त्याच रात्री हिचं काम अडलं."

नानांनी नुसती मान डोलावली. मग त्यांनी सूनबाईच्या कॉम्प्युटरवरून पिंग नावाची एक आज्ञा दिली. हा प्रकार म्हणजे जोडकार्डासारखा आहे. इकडून एक कार्ड टाकायचे आणि तिकडून पोच येते का ते पाहायचे. नानांनी विदर्भात नव्हे, अमेरिकेतही नव्हे, तर दिवाणखान्यातल्या राउटरलाच शंभर कार्डे धाडली. चौऱ्याण्णवांची पोच आली.

"घरातल्या घरात सहा पत्रं गहाळ!" नाना म्हणाले. "पोस्टाकडून असं झालं असतं, तर भाऊ, तुम्ही वर्तमानपत्रात लिहिलं असतं."

"पण शंभरात सहाच ना?" मी म्हणालो. "तेवढ्यानं इतका खोळंबा?"

इथे नाना खुलले. 1986 च्या ऑक्टोबरात, ते सांगू लागले, कॅलिफोर्नियात बर्कली इथे जेमतेम 400 यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून एकदम 40 बिटांवर आला. गर्दीत वाटेत पाकिटे हरवत, हरवली म्हणून पुन्हा धाडली जात, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन नावाच्या शास्त्रज्ञाने 1988 साली तोड सुचवली: पाकीट हरवले की पुढे गर्दी आहे असे समजावे आणि आपला वेग कमी करावा. पुष्कळशी यंत्रे आजही हाच शिष्टाचार पाळतात. आता पाकीट गर्दीमुळे हरवले की फाटक्या पिशवीतून गळले, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? दर वेळी ती अदबीने बाजूला होतात आणि रस्ता मोकळा असूनही मुंगीच्या पावलांनी चालतात.

मग नानांनी कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये जोडणीचा वेग पाहिला. तिथे 100 होते. "इथे हजार हवेत," ते म्हणाले. या वायरीत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात; निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी. तारा पिळण्याची युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, 1881 सालची. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे दोहोंतला फरक तेवढा वाचला जातो, म्हणून गोंगाट आपोआप गळतो. सेकंदाला हजार मेगाबिट न्यायचे तर चारही जोड्या शाबूत लागतात; शंभराला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की पुष्कळ यंत्रे तक्रार न करता शंभरावर उतरतात. "बैलगाडीला बैल कमी पडला तर निदान धनी ओरडतो तरी," नाना म्हणाले.

चिरंजीव तेवढ्यात नवा राउटर आणि नवी वायर एकदमच आणायला निघाले होते. नानांनी त्यांना थांबवले. "एका वेळी एकच गोष्ट बदल रे बाबा. दोन बदलल्यास आणि उतार पडला, तर गुण औषधाचा की अंगाऱ्याचा, कसं कळणार?" मग कॉम्प्युटर उचलून दिवाणखान्यात आणला आणि हातभर लांबीच्या दुसऱ्या वायरीने राउटरला जोडला. वेग हजार, शंभर कार्डांना शंभर पोचा. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष, राउटर निर्दोष. साठ हजार वाचले, याचा आनंद माझ्या चेहऱ्यावर फार दिसू नये अशी खबरदारी मी घेतली.

राहिली वायर, आणि वायर कुठे दुखावली असेल हे शोधायला नानांना उपकरण लागले नाही. ते सौ.कडे वळून म्हणाले, "वहिनी, ते कपाट कोणतं?"

लोखंडी कपाट आम्ही तिघांनी मिळून चार बोटे उचलले. रंगाऱ्यांनी परत ठेवताना त्याचा मागचा पाय नेमका वायरीवर टेकवला होता. सासरमाहेरच्या पैठण्या, पितळेची भांडी आणि तीस वर्षांची कागदपत्रे यांचे सारे ओझे तीन आठवडे त्या बोरूएवढ्या वायरीवर होते. नानांनी तिथले कवच चिरून दाखवले. निळ्या जोडीतली एक तार पुरती तुटली होती. म्हणून हजाराचे शंभर झाले. नारिंगी जोडीचे कवच चेपून तांबे उघडे पडले होते. पाकिटे गळत होती ती तिथे. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त नानांना दुसरा चहा दिला, आणि तो आम्हा दोघांना दिला नाही.

काही शे रुपयांत पंधरा मीटर नवी वायर आली. ती जमिनीवरून न नेता दाराच्या चौकटीवरून, खिळे न ठोकता क्लिपांत बसवून आणि वळणांना ऐसपैस जागा देऊन नेली. त्या रात्री अकराच्या सुमारास एक तपासणी आली. मी काही ना काही निमित्ताने त्या खोलीपाशी दोनदा घुटमळलो. पट्टी मी मोजायला सुरुवात करीपर्यंत भरून गेली. सूनबाई पुढे झुकून चित्रे पाहू लागली, मग फोन उचलून पलीकडच्या डॉक्टरांशी दोन वाक्ये बोलली. काय बोलली ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही. रात्रपाळीचा निरोप आठवड्याने मागे घेतला गेला.

जुनी वायर घरात ठेवू नका, उद्या कुणीतरी ती चांगली समजून पुन्हा जोडील, असे नानांनी बजावले होते. मी तिचे दोन तुकडे केले. लांब तुकडा सौ.ने मागून घेतला आहे; गॅलरीत आकाशकंदील टांगायला तिला तेवढीच दोरी कमी पडत होती.