लाल शाई

शाळेच्या वार्षिकासाठी आलेले निबंध तपासण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. नंदुरबार शहरातील मुलाचा कागद कोणता आणि अक्राणीच्या डोंगरातून वसतिगृहात आलेल्या मुलाचा कोणता, हे नाव न पाहता दोन ओळींवरून आम्ही ओळखीत असू. यंदा मात्र ते साधले नाही. सगळेच कागद सारखे गुळगुळीत, आणि ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नसलेले!

त्यांतला होळीवरचा एक निबंध आम्ही पुन्हा वाचला. त्यात गुलाल होता, पिचकाऱ्या होत्या, राधाकृष्ण होते, पुरणपोळीचा खमंग वासही होता. लिहिणारा मुलगा मात्र सातपुड्यातला पावरा. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांस अधिक सांगणे नको. उंचच उंच बांबू उभारावयाचा, त्याचा खड्डा हातांनी उकरावयाचा. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू व वाळले भोपळे बांधून बुध्ये रात्रभर ढोलावर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. या मुलाच्या गावची होळीही त्याच वळणाची.

मुलास बोलावून विचारले. त्याने काही लपविले नाही. मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेस विषय सांगितला, तिने क्षणात लिहून दिले.

"पण तुझ्याकडची होळी अशी असते का रे?"

"नाही, सर. पण मी लिहिलं की तुम्ही सगळं लाल करता."

आम्ही निरुत्तर झालो. अफाट छापील मजकूर पचवून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब हे यंत्र करते. छापील मराठीत होळी म्हणजे बहुधा पुण्यामुंबईची. तेव्हा तीच बाहेर पडणार. यंत्रास हसावे तर आमच्या लाल शाईने आजवर दुसरे काय केले? पावरी वळणाचे वाक्य दिसले की खोडले, आणि त्यास भाषाशुद्धी म्हटले.

सरकारचेही लक्ष या बोलींकडे गेलेले आहे. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ साली 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन काढले. त्यात संथाळी, मुंडारी आणि गोंडी यांच्यासह भिलीही आहे. परंतु ती मध्य प्रदेशातील भिली. आमच्याकडची पावरी, मावची, देहवाली त्या आरशात कितपत दिसावी? ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात भिली बोलींचा खंड १९०७ साली निघाला, तेव्हा नमुन्यासाठी बायबलातील उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलींतून उतरवून घेतली होती. (सातपुड्यातल्या म्हाताऱ्यास ती सांगताना काय वाटले असेल, कोण जाणे!)

आम्ही मुलास म्हटले, "आजीने सांगितलेली होळी लिही. जशी येईल तशी."

चार दिवसांनी दीड पान आले. निम्मे मराठी, निम्मे पावरी. लाल पेन हाताशी होते. ते उचलले नाही. तीन शब्दांचे अर्थ आम्हांसच त्याला विचारावे लागले. त्यांतला एक त्यालाही मराठीत सांगता येईना. तेव्हा त्याने आमच्या टेबलावर बोटांनी ढोलाचा एक ठेका वाजवून दाखविला. तो शब्द वार्षिकात कसा छापावयाचा, हे छापखानेवाला कालपासून विचारतो आहे.