घरी चालतं, मग शाळेत का नाही? : होस्टिंगवरच्या डेटाबेसची जोडणी



शाळेची वेबसाइट स्वतः बनवणारे आपल्यात आता बरेच जण आहेत. त्यातले काही एक पाऊल पुढे जातात. मुलांचे गुण, हजेरी होस्टिंगवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवतात आणि शाळेतल्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून तो डेटाबेस उघडतात. छान चालतं. मग एक दिवस जोडणीच होत नाही, आणि तो दिवस बहुधा एप्रिलच्या शेवटी येतो! १ मेला निकाल द्यायचा, प्रगतिपत्रकं छापायची, आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक लांबलचक ओळ.

अशा वेळी आजूबाजूच्या शाळांतून मला फोन येतो. "सर, पासवर्ड बिघडला वाटतं, बदलू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. थांबा, कशालाही हात लावू नका. आधी त्या ओळीतला आकडा वाचा.

कारण सगळं त्या आकड्यात असतं. २००३ आला तर तुम्ही डेटाबेसपर्यंत पोचलाच नाहीत, तेव्हा पासवर्ड बदलून काय होणार? मायएसक्यूएलचं दार म्हणजे ३३०६ नंबरचा पोर्ट. तो होस्टिंगवाल्यांच्या किंवा तुमच्याच नेटच्या फायरवॉलने अडवलेला असू शकतो. कधी सर्व्हरचं नावच चुकीचं दिलेलं असतं. वेबसाइट क्लाउडफ्लेअरमागे असेल तर वेबसाइटचं नाव इथे चालत नाही, कारण ते साधारणपणे वेबपानांचीच वाहतूक पुढे पाठवतात. होस्टिंगच्या खऱ्या सर्व्हरचं नाव लागतं.

१०४५ आला तर मात्र आनंद माना. म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचलात, आतल्याने ओळखलं नाही इतकंच.

एका शाळेतल्या बाईंना हाच १०४५ येत होता. "सर, काल रात्री घरी चाललं की! तोच लॅपटॉप, तोच पासवर्ड." ओळीच्या शेवटी 'युझिंग पासवर्ड : येस' असंही होतं. त्यावरून त्यांना वाटलं, पासवर्ड तर बरोबर आहे म्हणतोय. तसं नाही बरं का. पासवर्ड पाठवला गेला, एवढाच त्याचा अर्थ. तो बरोबर की चूक, हे त्यातून कळत नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती. मायएसक्यूएल नुसतं नाव बघत नाही, ते नाव कुठून आलं हेही बघतं. युझरचं नाव, मग @ चिन्ह, मग ठिकाण, अशी पूर्ण ओळख त्याच्याकडे असते. सीपॅनेलमध्ये बाहेरून डेटाबेस जोडायची परवानगी देण्याचं पान असतं. त्यात ज्या आयपी पत्त्यांना परवानगी दिली, तेवढ्यांनाच बाहेरून प्रवेश. बाईंच्या यादीत घरचा पत्ता होता. शाळेत नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यामुळे पत्ता वेगळा. लॅपटॉप तोच असला म्हणून काय झालं!

इथे बरेच जण लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बघून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता यादीत घालतात. त्याचा काही उपयोग नाही, तो घरातल्या घरातला पत्ता. गूगलवर 'माझा आयपी' शोधलं तर कधीकधी विसर्गचिन्हांसारख्या ठिपक्यांचा लांब पत्ता दिसतो, पण सर्व्हरला दुसराच दिसत असतो. मग विश्वास कुणावर ठेवायचा? एररच्या ओळीवरच! @ च्या पुढे जे लिहिलंय, तिथूनच तुम्ही आलात असं सर्व्हर समजतो. बाईंनी तेच बघून यादीत घातलं आणि जोडणी झाली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. मोबाइल नेटचा पत्ता बदलतो, शिवाय एकच पत्ता एका वेळी कितीतरी ग्राहक वापरत असतात. तेव्हा कुणीतरी बाईंना सुचवलं, यादीत नुसतं टक्क्याचं चिन्ह टाका, कायमची कटकट जाईल. खरंच जाते. टक्का म्हणजे जगातला कुठलाही पत्ता चालेल. निकाल दोन दिवसांवर असताना हा मोह मोठा असतो, आणि "तेवढ्यापुरतं" म्हणून टाकलेला टक्का नंतर कुणी काढत नाही. मी मात्र स्पष्ट नको म्हटलं. त्या तक्त्यात मुलांची नावं होती, जन्मतारखा होत्या, पालकांचे मोबाइल नंबर होते. ३३०६ उघडा दिसला की पासवर्ड लावून बघणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. मग उरतो फक्त पासवर्ड, आणि शाळांचे पासवर्ड कसे असतात ते आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून ते दोन दिवस बाई रोज सकाळी जुना पत्ता काढायच्या, नवा घालायच्या. पाच मिनिटांचं काम. वैताग होता, पण प्रगतिपत्रकं ३० एप्रिलला दुपारीच छापून झाली.

सुट्टीत मग आम्ही मांडणीच बदलली. गुण भरायचं पान होस्टिंगवरच ठेवलं, लॉगिनसह आणि एचटीटीपीएसवर. पान आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर, त्यामुळे तिथे सर्व्हरचं नाव फक्त लोकलहोस्ट. बाई आता घरून, शाळेतून, कुठूनही ब्राउझर उघडतात. बाहेरून परवानगी देण्याच्या पानावरची यादी रिकामी आहे.