प्रवरेचे मासे आणि पिसांची माशी

मासे धरण्याचा छंद हा शाळेच्या वार्षिकात लिहिण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही पालकांच्या मनात येईल. गळ टाकून बसलेला मुलगा हा बहुधा अभ्यास टाकून बसलेला असतो, असा आपल्याकडे समज आहे, व तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तथापि ज्या छंदाने मला आपल्या जिल्ह्यातील नद्या वाचावयास शिकविल्या, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही.

आमचे घर संगमनेरास प्रवरेच्या काठी होते. रतनगडाच्या कुशीत उगम पावून, भंडारदऱ्याच्या जलाशयात विसावून, रंध्याच्या कड्यावरून उडी घेत ही नदी अकोल्यावरून आमच्या गावी येते, आणि पुढे नेवाशावरून जाऊन प्रवरासंगमास गोदावरीस मिळते. हा भूगोल पुस्तकातही आहे. परंतु नदीला पंचांग असते, हे मला पुस्तकाने नव्हे तर भोईमामांनी शिकविले. ते आमचे कोणी नातेवाईक नव्हते. आळीतील सर्वच मुले त्यांना मामा म्हणत. बांबूची काठी, दोरा, गळ, पाण्यावर तरंगण्यासाठी मोराच्या पिसाचा देठ आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीसह गांडुळे, एवढी त्यांची व माझी सामग्री.

मामांचे वर्ष मृगाने सुरू होई. पहिल्या पावसाने ओढे वाहू लागले की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढून ओढ्यांत व तुंबलेल्या शेतांत अंडी घालावयास शिरतात. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. त्या दिवसांत सारा गाव टोपल्या घेऊन ओढ्यावर लोटे, आणि मामा मात्र ओट्यावर जाळे शिवीत बसत. "पोटुशी मासोळी धरली तर फुडल्या साली काय धरशील?" एवढेच ते म्हणत. श्रावणात पुष्कळ घरी मासे वर्ज्य. नदीही तेव्हा दुथडी असे. भाद्रपदात पाणी निवळू लागले की काठच्या गवतापाशी मरळीची पिले तांबूस पुंजका करून फिरताना दिसत. त्या पुंजक्याखाली आईबाप पहारा करीत असतात. त्यांस मारले तर इतर मासे ती पिले पाहता पाहता फस्त करतात. म्हणून तेथे गळ टाकावयाचा नाही, हा मामांचा दुसरा नियम. हस्ताचा पाऊस उतरला म्हणजे खरा हंगाम. थंडीत मासे सुस्तावतात, तेव्हा ऊन वर आल्यावर बसावे. आणि वैशाखात नदीची साखळी तुटून डोह तेवढे उरत. त्या डोहांत शिवडा, वाम, शिंगटी, सारे एकत्र कोंडलेले. त्या वेळी धरणे सर्वांत सोपे, म्हणूनच त्या वेळी थोडे धरावे, असे ते म्हणत. या वृत्तीला हल्ली मोठी नावे आहेत. मामांना सही करता येत नव्हती.

पुढे नोकरीनिमित्त मला काही वर्षे उत्तरेकडे राहावे लागले, आणि काश्मिरात पहलगामजवळ लिद्दर नदीवर मी प्रथम पिसांच्या माशीने मासे धरण्याची रीत पाहिली. गळाभोवती रेशमाचा दोरा व कोंबड्याच्या मानेची पिसे गुंडाळून केलेला हा खोटा किडा. इंग्रज लोक त्याला माशी म्हणतात. मासा धरावयास माशी, हा शब्दांचा योगायोग मराठी माणसालाच कळावा! या माशीला वजन जवळजवळ नसते. आपल्या गळाला शिसे असते, ते दोरीला ओढून नेते. येथे उलट, दोरीच जड असते व तीच माशीला वाहून नेते. काठी मागे नेऊन दोरी हवेत पूर्ण उलगडू द्यावयाची आणि मग पुढे झुकवावयाची. घाई केली तर सारा गुंता आपल्याच टोपीवर येऊन पडतो.

परंतु खरी विद्या हाताची नव्हे, डोळ्यांची आहे. माझ्या बरोबरच्या वृद्ध काश्मिरी वाटाड्याने काठीला हात लावण्यापूर्वी पाण्यातला एक धोंडा उलथा केला. त्याच्या तळाशी चपटे, शेपटीला केसांसारखे तंतू असलेले किडे चिकटलेले होते. त्यांना पंख फुटतात, ते पाण्यावर येतात व एकदोन दिवसांत मरतात. त्या दिवशी मासा दुसरे काही खात नाही. तेव्हा पेटीतील माशी आपल्या आवडीची नव्हे, तर त्या दिवशी त्या नदीत जन्मलेल्या किड्यासारखी निवडावयाची. मला मामांची आठवण झाली. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला वाळवीला पंख फुटून ती पाण्यावर पडू लागली की गांडुळे फेकून देऊन ते तीच वाळवी गळाला लावीत.

लिद्दरचा ट्राउट मासा मूळचा तेथील नव्हे, हेही सांगावयास हवे. १८९९ साली विलायतेहून आणलेली त्याची पहिली अंडी वाटेतच नासली. १९०० सालची खेप पोचली, व तिची संतती काश्मीरच्या नद्यांत पसरली. आज तेथे परवाना घ्यावा लागतो, नदीचे भाग वाटून दिलेले असतात, आणि किती मासे न्यावेत याला मर्यादा असते. पुष्कळ शौकीन तर धरलेला मासा सोडूनच देतात.

सुटीत घरी आल्यावर ही हकीकत मी मामांना सांगितली. ते हसले नाहीत. "लेकरा, भुकंपायी गळ टाकला तर त्याला अर्थ हाय. गंमतीपायी त्याचा जबडा टोचायचा, ह्यो कुठला न्याव?" गळाचा उलटा काटा मोडलेला असतो, हात ओले करून मासा धरतात, तो बहुधा जगतो, असे मी पुष्कळ सांगितले. "मंग गळच कशाला नेतो? नुसता पाहून ये की." या प्रश्नाला मामांना पटेल असे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. मी स्वतः खाण्याजोगा मासा घरी आणतो व लहान असेल तो सोडतो. आणि जो पोटासाठी धरतो त्याच्यापुढे माझ्या छंदाची बढाई मारीत नाही.

प्रवरेवर ती माशी चालते काय, असे कोणी विचारील. चालते. दर्जीकडचा दोरा व घरच्या कोंबड्याची पिसे घेऊन केलेल्या बारीक माशीवर अळकूट सायंकाळी झडप घालतो. मासा वीतभरही नाही, पण चांदीच्या पात्यासारखा. हे नाव मुलांनी ध्यानात ठेवावे. मुंबई सरकारचे अधिकारी कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कित्येक माशांना त्यांनी कोळ्या-भोयांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. अळकूट, शिंगटी, कोळस, फुलंगी, खुदरी हे आपले शब्द अशा रीतीने लॅटिन पोशाख घालून जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले आहेत.

यांपैकी खुदरी म्हणजेच दख्खनचा महाशीर. मोठे खवले, निळसर पर, आणि खळाळत्या पाण्याची आवड. मामांच्या तरुणपणी तो प्रवरेत पावसाळ्यात सापडत असे. माझ्या वाट्याला त्याच्या गोष्टीच आल्या. कारणे शोधण्यास दूर जावयास नको. तो अंडी घालतो ती वाहत्या पाण्यातील वाळू-गोट्यांवर, आणि वाळू आपण ट्रकांत भरून नेली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, मुळेवर धरण झाले, १९७६ साली पैठणचे झाले. अलीकडे निळवंड्याचे पाणी कालव्यांत खेळू लागले. या पाण्याने जिल्ह्यातील ऊस उभा राहिला, आपल्यांतील कित्येकांचे शिक्षणही त्याच उसावर झाले, तेव्हा धरणांना शिव्या देणे मला शोभणार नाही. मात्र नदीचे पंचांग बदलले, हे खरे. आता पाणी नक्षत्राने येत नाही, आवर्तनाने येते. वैशाखात एकाएकी पूर आणि भाद्रपदात कोरडे पात्र, असा प्रकार झाल्यावर माशाने अंडी केव्हा घालावीत? अहीर नावाचा सापासारखा मासा तर समुद्रात जन्मून नदीने वर येतो. त्याला आता किती भिंती ओलांडाव्या लागत असतील! सुरुंगाने व विषाने मासे मारणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण डोहाला कायदा वाचता येत नाही.

बीज आणून सोडले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. लोणावळ्यास टाटांच्या वळवण जलाशयाकाठी डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून महाशिराची कृत्रिम पैदास १९७० च्या सुमारास साधली, हे कार्य थोरच होय. परंतु तेथील खुदरीची पिले दूर कावेरीत सोडली गेली, तेव्हा ती तेथे इतकी माजली की कावेरीचा स्वतःचा कुबडदार महाशीर दिसेनासा झाला. ज्या जातीचा १२० पौंडांचा मासा १९४६ साली म्हैसूर संस्थानात काबिनी नदीवर गळाला लागला होता, ती जात आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. आपला मासा परक्या नदीत घुसखोर ठरला! तसेच १९५२ साली भारतात आलेली चिलापी आज उजनीच्या फुगवट्यात, कर्जत तालुक्याच्या सीमेपर्यंत, आपल्या माशांची जागा बळकावून बसली आहे. म्हणून बीजाआधी डोह, वाळू आणि मृग-आर्द्रातील चार आठवड्यांची शांतता या तीन गोष्टी नदीला मिळाव्यात, असे माझे मत आहे. महाड तालुक्यात वाळण कोंडीचे मासे देवीचे म्हणून कोणी मारीत नाही, आणि तेथे महाशीर आजही काठाशी येऊन लाह्या खातो.

गेल्या वर्षी हस्ताच्या उतारास अकोल्याच्या वर मामांचा नातू व मी बसलो होतो. त्याच्या गळाला दीड वीत लांबीचा एक मासा लागला. खवले अंगाच्या मानाने मोठे, पर निळसर. "खुदरी हाय का वो?" त्याने विचारले. मी हो म्हटले. तो कोणी सोडलेल्या बीजाचा, की नदीच्याच जुन्या कुळातला, हे पाहून कळण्यासारखे नव्हते. नातवाने तो पाण्यात सोडला आणि करवंटीतून नवे गांडूळ काढले.