साठवण आणि काटकसर

साठवण आणि काटकसर ह्या दोन गोष्टी पुष्कळदा एकच मानल्या जातात. रांजण काठोकाठ भरलेला दिसला, की घरात पाण्याची चिंता उरली नाही असे मनाला वाटते. परंतु रांजणाला झरा नसतो. विहिरीतून जेवढे आणावे तेवढेच त्यात राहते, आणि आणताना वाटेत चार थेंब सांडतात ते वेगळेच. विजेच्या बॅटरीची गोष्टही अशीच आहे.

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे गेमिंग कन्सोल आज अनेक घरांत आले आहेत. त्यांत बॅटरी बसविली तर ते पर्यावरणाला अधिक अनुकूल होतील, असा विचार सहज सुचतो. बॅटरीवर चालणारे यंत्र खेळताना भिंतीतून वीज ओढताना दिसत नाही, म्हणून ते निरुपद्रवी भासते. तथापि, आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? कोळसा जाळून निर्माण केलेली वीज बॅटरीत भरली, म्हणून तिच्यावरचा धुराचा डाग पुसला जात नाही. उलट, भरताना आणि वापरताना तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. शिवाय बॅटरीलाही जन्म आणि मरण आहे. तिच्यासाठी भूमीच्या पोटातून लिथियमसारखी द्रव्ये काढावी लागतात. आणि काही वर्षांनी ती क्षीण झाली, म्हणजे तिची विल्हेवाटही जपून लावावी लागते.

थोडा हिशेब केला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. जपानमधील क्योटो येथील निन्टेंडो कंपनीने २०१७ साली 'स्विच' नावाचे यंत्र आणले. ते दूरचित्रवाणी संचाला जोडता येते, तसेच हातात धरूनही खेळता येते. त्याच्या बॅटरीत सुमारे १६ वॅट-तास वीज मावते, आणि हातात धरून खेळताना तेवढ्यावर ते निदान अडीच तास चालते. सोनी कंपनीचे २०२० सालचे 'प्लेस्टेशन ५' मोठा खेळ चालू असताना सुमारे २०० वॅट वीज घेते. स्विचची बॅटरी त्याला दिली, तर ती पाच मिनिटेही पुरणार नाही. तीन तासांच्या खेळासाठी अशा ३७-३८ बॅटऱ्या लागतील! दोन्ही यंत्रांची चित्रे सारख्या प्रतीची नसतात, हे खरे. परंतु खर्चातील अंतरही विसरता येत नाही.

मग बॅटरीच्या अंगी काहीच गुण नाही काय? आहे, मात्र तो साठवणीत नसून मर्यादेत आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे बॅटरी यंत्र घडविणाऱ्याला शिकविते. निन्टेंडोमधील कल्पक अभियंते गुनपेई योकोई ह्यांचा 'गेम बॉय' १९८९ साली बाजारात आला. नवलाईच्या तंत्रामागे न धावता, जुन्या व स्वस्त तंत्राचा नवा उपयोग शोधावा, असे त्यांचे मत होते. म्हणून गेम बॉयच्या पडद्याला ना रंग होते, ना आतून प्रकाश. पण चार पेन्सिल सेलांवर तो दहा तासांहून अधिक चाले. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीचा रंगीत आणि प्रकाशमान 'गेम गिअर' आला. त्याला सहा सेल लागत, आणि ते तीन ते पाच तासांत संपून जात. स्विचचीही कथा बोधप्रद आहे. २०१९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. बॅटरी पूर्वीएवढीच होती. परंतु आतील चिप अधिक काटकसरी झाल्यामुळे निदान अडीच तासांऐवजी निदान साडेचार तास खेळता येऊ लागले. वीज वाचली ती चिपच्या गुणाने.

दिवसा छपरावरील सौर पट्ट्यांची वीज साठवून रात्री वापरावयाची असेल, तर घराची बॅटरी अवश्य उपकारक ठरते. कारण तेथे विहीरच निर्मळ असते. परंतु काटकसरीसाठी भिंतीवरच्या यंत्राला बॅटरीची वाट पाहावी लागत नाही. खेळ थांबल्यावरही कन्सोल पुष्कळदा अर्धवट जागाच राहतो आणि थोडी थोडी वीज पीत असतो. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या 'एक्सबॉक्स' यंत्रांत पूर्ण बंद होण्याची काटकसरी सोय आरंभापासूनच लागू ठेवली. अर्धवट जागे राहण्यापेक्षा तिला कितीतरी कमी वीज लागते.

मर्यादा बाहेरून आली की तिला अडचण म्हणतात; आपण होऊन पाळली की तिला शहाणपण म्हणतात. बॅटरी संपल्यावर कोणीही खेळ थांबवितो. भिंतीतून अखंड वीज येत असताना, खेळ संपताच उठून कळ बंद करणारा हात मात्र खऱ्या अर्थाने काटकसरी होय.