दोन्हीकडचे पाणी

वैशाखात आहुप्यात पाण्याची गोष्ट काढू नये. पावसाळ्यात इथे धुके थेट घरात येऊन बसते, भाताच्या खाचरांतून पाणी नुसते वाहत सुटते. आणि त्याच गावात मे महिन्यात बाया झऱ्याच्या खड्ड्यात वाकून वाटीवाटीने हंडा भरतात.

मी गेलो ९ मेला. मुद्दामच. १९१९ साली याच तारखेला मुंबईत ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले. त्यांचा आहुप्याशी काही संबंध नाही. जो आहे तो पाण्याचा, आणि तोही मी लावलेला.

गाव संपले की जमीनही संपते. एकदम. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, खाली मुरबाडचा मुलूख उन्हात वितळत पडलेला. कड्याच्या त्या अंगाला पडलेला थेंब खोपिवलीच्या रानात उतरतो आणि ओढ्याओढ्याने कल्याणच्या खाडीकडे जातो. या अंगाला पडलेला घोड नदीचा. तो डिंभ्याच्या धरणात थांबतो, बुडालेल्या आंबेगावावरून जातो, मग घोडेगाव, मग शिरूर, पुढे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची हद्द धरून भीमेला मिळतो. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. हातभर अंतराने पडलेले दोन थेंब, एक समुद्राला आणि एक विठोबाच्या पायाशी.

टिळकांचे लहानपण कल्याणात गेले. आयुष्याचा बहर ओसंडला तो नगरला. आणि स्वतःच्या धर्मांतराबद्दल ते म्हणत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. मला त्या पुलाखाली नेहमी भीमा वाहताना दिसते.

जन्म १८६१चा, दापोलीकडचे करजगाव. आई लवकर गेली आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला शास्त्र्यांकडे शिकला, कीर्तने केली, कविता केल्या, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकिते खरी ठरली की मला जरा अवघडल्यासारखेच होते, पण हे खरे ठरले.

मराठीत नवा करार त्याआधी कितीतरी वर्षे होता. तो छापला गेला दूर बंगालात, श्रीरामपूरला, १८११ साली. विल्यम केरी नावाच्या बॅप्टिस्ट पाळकाने वैजनाथ पंडितांना शेजारी बसवून मराठीचे व्याकरण लिहिले, कोश केला. टिळक बॅप्टिस्ट नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे. पण पंथांच्या भिंतींपेक्षा मला हे मोठे वाटते, की केरीने कागदावर उतरवलेल्या त्या मराठीला टिळकांनी टाळ-मृदंग दिले. आज कोणत्याही मराठी देवळात, ख्रिस्ती मंडळीही देऊळच म्हणतात, रविवारी ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक उघडा. टिळक भेटतातच. म्हातारी माणसे तर पुस्तक न उघडताच गातात.

पण पाळक गेला की त्याच्याविषयी जे बोलले जाते ते ऐकून मला कधी माणूस दिसत नाही. सारे प्रेमळ, सारे निःस्वार्थी, सारे कुटुंबवत्सल. टिळकांचे भाग्य असे, की त्यांच्यावर लिहायला त्यांची बायको मागे राहिली. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागत राहिला आणि लक्ष्मीबाई सांगत गेल्या. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाले. नवऱ्याच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेला हा शोक, आणि वाचताना माणूस पोट धरून हसतो. हा नवरा तापट, आणि संताप ओसरला की लहान मुलासारखा हळवा. हातात पैसा टिकत नाही. घरात असेल ते मागेल त्याला देऊन मोकळा. न सांगता निघून जाईल, येईल तेव्हा दोन परकी माणसे जेवायला घेऊन येईल. ती सगळे सांगते, एक दोष झाकत नाही आणि एकदाही त्याला लहान करत नाही. हे कसे जमते ते मला अजून उमगलेले नाही.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या. वडिलांचे सोवळे असे, की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. त्या घरातली मुलगी अकराव्या वर्षी टिळकांची झाली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे ताटातूट. मग ती नगरला आली ती वेगळी चूल, वेगळे पाणी घेऊन. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. तापट माणसाने इतकी वाट पाहावी, हीच मला त्यांची सर्वांत मोठी उपासना वाटते. पुढे एक दिवस तिचे तिलाच कळले, की जात माणसाने केली. आणि मग तिने कुणाच्याही हातचे पाणी घेतले. १९०० साली राहुरीला तिचा बाप्तिस्मा झाला.

मग ते घर धर्मशाळाच झाले. दुष्काळातली पोरकी मुले तिथे वाढली. त्र्यंबक ठोंबरे नावाचा अबोल मुलगा तिथे राहिला, तोच बालकवी. त्यालाही भादलीच्या रुळांनी मे महिन्यातच नेले, टिळकांच्या एक वर्ष आधी. फुलामुलांचे कवी म्हणतात टिळकांना. ‘वनवासी फूल’ लिहिणारा माणूस आहुप्याच्या देवराईत आला असता, कारवी फुललेल्या सालात, तर लक्ष्मीबाईंना त्याला जेवायला हाका मारत हिंडावे लागले असते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही एकाच पंक्तीला बसवणारा. मिशनला ते रुचणे अवघडच होते. दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे पहिले काही अध्यायच झाले होते. पुढचे, साठाहून अधिक, लक्ष्मीबाईंनी रचले. जिला त्याने अक्षरे गिरवायला लावली, तिनेच त्याचे राहिलेले पुरे केले.

ऊन चढले. कड्याजवळच्या हिरड्याखाली बाळहिरडा वाळत घातला होता आणि एक आजी तो हाताने पसरत बसली होती. तिने मला हाक मारली.

“कड्याव काय बघतोस रं एवढं? पाणी पी आधी.”

तांब्या दिला. हे पाणी कुठून, किती वाट्यांनी भरून आणलेले असेल ते मला ठाऊक होते, म्हणून मी अर्धाच प्यायलो.

“समदं पी की.”

“आज एका माणसाचा दिवस आहे, आजी. गेलेल्या.”

“तुझं कोन व्हते?”

मला पटकन उत्तर सुचले नाही. पाळक म्हणावे तर मी त्यांच्या मंडळीतला नाही. आजीने उत्तराची वाट पाहिली नाही. “बायकू हाय का मागं?” एवढेच विचारले.

“नाही. तीही गेली. पण फार बोलली ती त्यांच्याबद्दल.”

“बोलनारच,” आजी म्हणाली आणि हिरडा पालथा करू लागली.