दादाच्या गिटारचा आवाज

पुलगावहून आर्वीला अरुंद रुळांवरची आगगाडी जात असे, त्या काळी आमच्या घरी एक कॅसेट सतत वाजत असे. ‘डायर स्ट्रेट्स’ या इंग्रज वाद्यवृंदाचे १९७८ सालचे ‘सल्तान्स ऑफ स्विंग’ हे गीत तिच्यावर होते. जवळजवळ रिकाम्या मद्यालयात मन लावून वाजवणाऱ्या साध्या वादकांचे ते गाणे. रॉक म्हणजे गोंगाट, असे वडिलांचे ठाम मत. परंतु मार्क नॉप्फ्लर यांच्या गिटारचा तो निर्मळ, टपोरा स्वर सुरू झाला की तेही हातातले वर्तमानपत्र खाली ठेवीत.

दादाने तो स्वर आपल्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारवर साधला होता.

गेल्या वर्षी पक्षाघाताने त्याचा उजवा हात निकामी झाला. गिटार त्याने माझ्याकडे वर्ध्याला पाठवली. “एकदा तो आवाज काढून ऐकव,” एवढीच त्याची इच्छा. मी गिटार पुसून लख्ख केली. कळीच्या खाचेत कोंबलेली आगकाडी कचरा समजून फेकून दिली, नव्या तारा चढवल्या आणि तीन महिने झटलो. नागपूरहून आवाजाला घुमारा देणारे यंत्रही आणले. आवाज स्वच्छ येई. पण तो येत नसे. मिस्सेला इतकी वर्षे गिटार वाजवणारा मी, विचारायचे कोणाला? तोच अभिमान नडला.

शेवटी दादाला फोन केला. जड जिभेने त्याने विचारले, “काडी काढलीस का?”

१९५४ साली निघालेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला तारांखाली तीन पिकअप होते आणि कळीला तीनच खाचा; एका वेळी एकच पिकअप बोले. कळ दोन खाचांच्या मध्ये अडकवली की शेजारचे दोन पिकअप एकदम बोलतात, हे वादकांच्या ध्यानात आले. तार दोन ठिकाणी सारखी कंप पावत नाही. त्यामुळे काही स्वरलहरी परस्परांना खोडतात आणि उरतो तो पोकळ, काचेसारखा नाद. कंपनीने पाच खाचांची कळ दिली ती १९७७ साली. दादाची गिटार त्याच घाटाची, कळ मात्र जुन्या पद्धतीची. ती मध्ये ठरत नसे, म्हणून त्याने काडीचा टेकू दिला होता. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. कानाने शोधलेले ते वर्षानुवर्षांचे धन मी केरात टाकले होते.

“आणि प्लेक्ट्रम ठेव बाजूला. बोटांनी छेड.”

नॉप्फ्लर अंगठा आणि दोन बोटांनीच वाजवतात. दादाही तसेच वाजवी, आणि ही पद्धत अशास्त्रीय आहे, असे मीच त्याला चारचौघांत सुनावले होते. त्याची त्याने आठवण काढली नाही.

मी नवी काडी कोंबली. फोन समोर ठेवला आणि वाजवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“तिसरी तार किंचित उतरली आहे,” दादा म्हणाला. “लाव, आणि पुन्हा वाजव.”