माळाची तारीख

पुणे-सोलापूर रस्त्याने कुरकुंभला येणाऱ्याला आधी एमआयडीसीतले रासायनिक कारखाने दिसतात. माळ त्यांच्या पलीकडे. पाळी सुटली की मी कॅमेरा घेऊन तिकडे जातो. कागदोपत्री अशा जमिनी पडीक किंवा पोटखराबा ठरतात. मला मात्र दौंड तालुक्यात याहून भरलेली जागा ठाऊक नाही.

पाऊस सरला, पवन्या आणि कुसळी पिवळी पडली की भोवत्ये येतात. माँटेग्यूचा भोवत्या मध्य आशियातून हिवाळ्यापुरता उतरतो. गवताला जवळजवळ घासत उडतो, नाकतोडे टिपतो आणि रात्री झाडावर न जाता गवतातच जमिनीवर झोपतो. गवत पेटवलं की त्याचं अंथरूणच गेलं. त्याचा फोटो सकाळी लवकर काढावा. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून पिसांच्या कडा विरघळतात. हात कितीही स्थिर असो. धाविक, पखुर्डी, चंडोल यांच्यासाठी तर सरळ पालथं पडावं. नजर त्यांच्या पातळीला आली की मागचं गवत धूसर होतं आणि पक्षी उठून दिसतो. कुसळं कपड्यांत शिरतात, ती घरी येऊन काढत बसायची.

माळाचे खरे जाणकार धनगर. कुणाच्या रानात मेंढरं बसवलेली असली की मी वाड्यावर जातो. लांडगा काल कोणत्या बाजूने आला, खोकडाचं बीळ कुठे आहे, सगळं तिथे कळतं. लांडगा त्यांचं कोकरू नेतो, तरी त्याच्याविषयी ते समजुतीने बोलतात. माझ्या संग्रहात म्हणूनच वाघरी, घोंगड्या, घोड्यावर लादलेला संसार हेही आहे. तुकोबांची पालखी रोटी घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तेही आहे. माणसं वगळून काढलेला माळ मला अर्धाच वाटतो.

प्रत्येक फोटोखाली मी तारीख आणि गाव लिहितो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३चा अहवाल सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी ईबर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुतेक माझ्यासारखेच हौशी. गवताळ, मोकळ्या जागांतले पक्षी झपाट्याने घटत असल्याचं त्यातूनच दिसलं. नोंद चिंकाऱ्यांचीही हवी. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारे बाहेरच्या गायरानांतही चरतात. तिथे ते होते, हे उद्या कुणाला पटवायचं तर तारखेचा फोटोच लागेल.

एका बाबतीत मात्र मी ठिकाण लिहीत नाही: लांडग्याची गुहा. हिवाळ्यात पिलं झाल्याची बातमी फुटली की गाड्यांचा गराडा पडतो, आणि मादी बिथरून पिलं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. असा फोटो न मिळालेलाच बरा.

वाचकांकडे एक मागणं आहे. दौंड, शिरूर, बारामतीकडच्या घरांत लग्नाचे, जत्रेचे, विहीर खणल्याचे जुने फोटो असतात. माणसांच्या मागे बघा. तिथे गायरान दिसत असेल, बाभळी, मेंढरं दिसत असतील. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून गाव आणि साल मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई पुढे उमटते.